पुन्हा तोच राजपुत्र

१० सप्टेंबर २०२० रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं एक ट्रेलर दाखवला. २००३ साली गाजलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा गेम नव्यानं घडवला जात होता आणि ते काम चाललं होतं कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत. जगभर नाव असलेल्या मालिकेची धुरा इकडच्या स्टुडिओंकडे येणं ही साधी गोष्ट नव्हती. पण त्याचं कौतुक पुरतं व्हायच्या आतच जगभरचे चाहते नाकं मुरडायला लागले. चित्रं जुनाट वाटतात, चेहऱ्यांत जीव नाही, हे तर मागच्या पिढीचं दिसतंय, असा सूर निघाला. जानेवारी २०२१मध्ये येणारा गेम आधी मार्चवर गेला, मग बेमुदत लांबला. मे २०२२मध्ये ते काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवलं गेलं आणि जानेवारी २०२६मध्ये कंपनीनं तो रद्दच करून टाकला.

गंमत अशी की तक्रार करणाऱ्यांना जुनाच गेम हवा होता. मात्र २००३ साली पडद्यावर खरोखर दिसायचा तो त्यांच्या मनात नव्हता. सतरा वर्षं डोक्यात मुरत मुरत जो तयार झाला होता, तो त्यांना बघायचा होता. तसा गेम बनवणं पुण्याला जमलं नाही आणि मॉन्ट्रियललाही जमलं नाही.

व्हिडिओ गेमच्या जुन्या मालिका आठवणींच्या जिवावर जगतात, हा आरोप आता नेहमीचा झाला आहे. ‘सुपर मारिओ’ १९८५चा, ‘झेल्डा’ १९८६चा, ‘फायनल फँटसी’ १९८७ची, ‘पोकेमॉन’ आणि ‘रेसिडेंट ईव्हिल’ १९९६चे. तिशीत पोहोचलेली किंवा चाळिशी गाठलेली ही मंडळी दर थोड्या दिवसांनी जुने कपडे घालून पुन्हा दारात उभी राहतात. आरोप खोटा नाही, पण अर्धवट आहे. जुनं आठवण्यात गैर काहीच नाही. त्यातलं नेमकं काय आठवायचं, यावर मालिकेचं नशीब ठरतं. हे समजून घ्यायला पर्शियाच्या या राजपुत्राची गोष्ट फार उपयोगी आहे, कारण साडेतीन दशकांत त्याच्यावर जवळजवळ सगळे प्रयोग होऊन गेले आहेत.

भावाची धाव, वडिलांचं संगीत

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ साली ‘अ‍ॅपल टू’ या घरगुती संगणकासाठी आला. तो जवळजवळ एकहाती बनवणारा जॉर्डन मेकनर तेव्हा पंचविशीत होता. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याचा ‘कराटेका’ हा गेम गाजला होता. नव्या गेमसाठी त्यानं १९८५मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पार्किंगच्या मोकळ्या जागेत धावायला, उड्या मारायला आणि कठड्याला लोंबकळायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण केलं. मग टीव्हीवर एकेक चित्र थांबवून साध्या कॅमेऱ्यानं त्याचे फोटो काढले, फोटोंवर मार्करनं आणि खोडण्याच्या पांढऱ्या शाईनं आकृती ठळक केल्या, त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि त्या संगणकात उतरवल्या. तलवारबाजीसाठी १९३८च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातल्या द्वंद्वाची काही सेकंदं अशीच गिरवली. संगीत वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी, दिलं.

या खटाटोपातून पडद्यावर असा माणूस आला, ज्याच्या अंगाला वजन होतं. तोवरच्या बहुतेक गेममधली पात्रं बटण दाबताच सरकायची आणि सोडताच थांबायची. राजपुत्राला मात्र वळायला वेळ लागायचा, धावताना थांबवलं तर तो पुढे घसरायचा, उडी थोडी कमी पडली तर बोटांच्या टोकांवर लोंबकळायचा. त्यामुळे खाली लोखंडी सुळे दिसले की खेळणाऱ्याच्याच पोटात गोळा यायचा.

या हालचालींनी ‘अ‍ॅपल टू’ची स्मृती इतकी व्यापली की शत्रूचं वेगळं चित्र ठेवायला जागा उरेना. मेकनरनं पळवाट काढली. राजपुत्राचीच आकृती एक बिट बाजूला सरकवून तिच्याच मूळ चित्राशी ताडून पाहायची. जिथे दोन्ही सारखी तिथे काळं, जिथे वेगळी तिथे उजळ. यातून तयार झाली एक चकाकती, पोकळ छाया. गेममध्ये राजपुत्र आरशातून उडी मारतो तेव्हा ही छाया दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते आणि पुढे त्याला छळत राहते. शेवटी दोघं समोरासमोर येतात. छायेला मारलेला प्रत्येक वार राजपुत्रालाच लागतो. तलवार म्यान केली तरच दोघं एक होतात. जागा वाचवायची एक क्लृप्ती गेमचा सगळ्यात लक्षात राहणारा प्रसंग होऊन बसली. वेगळे पहारेकरी बसवायला जागा त्यानंतर मिळाली.

या सगळ्यावर साठ मिनिटांचं घड्याळ होतं. तेवढ्यात राजकन्येपर्यंत पोहोचायचं. मेलात तर ती लेव्हल पुन्हा सुरू व्हायची, पण गेलेली मिनिटं परत मिळायची नाहीत. म्हणजे हा सगळा गेम एका प्रश्नाभोवती उभा होता : उडी चुकली, तर तिची किंमत काय? हा प्रश्न लक्षात ठेवावा, पुढे तोच कामाला येणार आहे.

आठवण आणि तिचा हिशेब

आपल्याकडे राजपुत्र आला तो नव्वदच्या दशकात, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर. शाळेच्या किंवा कॉम्प्युटर क्लासच्या लॅबमध्ये सर जरा बाहेर गेले की एखाद्या मॉनिटरभोवती घोळका जमायचा. डॉसच्या काळ्या पडद्यावर नुसतं ‘प्रिन्स’ न लिहिता पुढे ‘मेगाहिट’ टाइप केलं की शिफ्ट आणि एल दाबून थेट पुढच्या लेव्हलला जाता यायचं. ही युक्ती कुणी कुणाला सांगितली ते कळायचं नाही, पण ती सगळ्यांना ठाऊक असायची. त्या पिढीतल्या पुष्कळांना पुढच्या लेव्हल अशाच फुकटात दिसल्या. तरीही त्यांना राजपुत्राची ती लोंबकळण्याची तऱ्हा आज जशीच्या तशी आठवते.

यामागे स्मरणशक्तीची एक ठरावीक चाल आहे. उतारवयात माणसांना आपल्या आयुष्यातलं काय आठवतं हे मानसशास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग इतर काळापेक्षा बरेच जास्त आणि ठळक आठवतात असं पुन्हा पुन्हा दिसून आलं. पहिल्यांदा केलेल्या गोष्टी बहुतेक याच वयातल्या असतात. गेम खेळण्याचं वय नेमकं इथे येऊन बसतं. आणि १९९५मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशीत आहे, कमावता आहे. हे कंपन्यांना पुरेपूर ठाऊक आहे.

त्यात खर्चाचं गणित मिळवा. २०२३मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीची कागदपत्रं नीट न झाकता सादर झाली आणि दोन गेमचे खर्च जगाला कळले. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ सुमारे २२ कोटी डॉलर, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ सुमारे २१ कोटी डॉलर. दोन्ही आधीच्या यशस्वी गेमचे पुढचे भाग आहेत, हेही लक्षात घ्यावं. दोन हजार पानांचं लग्न असलं की कुणी नवा आचारी आजमावून बघत नाही, नेहमीच्यालाच बोलावतात. इतका पैसा लावताना ओळखीचं नाव हा विमा वाटतो. आठवणीवर विसंबणं हा अनेकदा कल्पनादारिद्र्याचा पुरावा नसून भीतीचा असतो.

धुकं काढलं आणि शहर आक्रसलं

जुना गेम परत आणण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या आहेत. तोच गेम नव्या यंत्रावर चालेल इतकी डागडुजी करणं ही पहिली, तिला पोर्ट म्हणतात. चित्रं आणि आवाज स्वच्छ करून देणं म्हणजे रिमास्टर. कथा तीच ठेवून सगळं पायापासून पुन्हा बांधणं म्हणजे रिमेक. आणि नाव तेवढं ठेवून गोष्ट नव्यानं सुरू करणं म्हणजे रीबूट. वरवर पाहता पहिल्या दोन तऱ्हा सोप्या वाटतात, पण फसगत तिथेही होते.

‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ हे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतले गेम आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये एका पिढीनं मनसोक्त खेळले. नोव्हेंबर २०२१मध्ये ‘जीटीए थ्री’सह या तिन्हींचा उजळलेला संच आला. जुन्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये लांबचं काही दिसू नये म्हणून धुकं असायचं, कारण त्या काळच्या प्लेस्टेशन टूला एवढा मोठा प्रदेश एका वेळी रेखाटणं झेपत नव्हतं. नव्या यंत्रांना ती अडचण नव्हती, म्हणून धुकं काढलं. झालं काय, तर विमानातून किंवा डोंगरावरून पाहिलं की एका शहरातून दुसरं शहर दिसायला लागलं. तासन्‌तास गाडी हाकत जो प्रदेश अफाट वाटला होता, तो एका नजरेत मावला. धुक्यानं यंत्राची मर्यादा झाकली होती, पण त्याच धुक्यानं जगाला मोठेपणही दिलं होतं.

त्याच संचात एका डोनटच्या दुकानाच्या पाटीवर मुळात बोल्टचा षट्कोनी नट होता. नटाची आणि डोनटची ती कोटी होती. चित्रं गुळगुळीत करण्याच्या ओघात नटाचे कोपरेच झिजून गेले आणि कोटी गेली. खरेदीदार इतके भडकले की रॉकस्टार कंपनीनं जाहीर माफी मागितली आणि नवा संच खपावा म्हणून दुकानातून काढून घेतलेल्या मूळ आवृत्त्या पीसीसाठी परत आणल्या. २०२४च्या एका सुधारणेत जुन्या धाटणीचा प्रकाश आणि धुकंही परत आलं.

आठवणींवर फार विसंबल्यामुळे हा संच आपटला असं म्हणता येणार नाही. तो बनवणाऱ्यांनी नावं, नकाशे, गाणी आठवली, पण तो प्रदेश मोठा का वाटायचा हे आठवलं नाही.

चुकलेल्या उडीचं काय करायचं?

राजपुत्राकडे परत येऊ. १९९९मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ आला. त्या काळात झाडून सगळ्या जुन्या मालिका त्रिमितीत उड्या घेत होत्या. राजवाडे, सुळे, तलवारी, सगळं होतं, पण कॅमेरा धड वळेना, राजपुत्र हातात राहीना, आणि उडी चुकली तर ती आपल्या चुकीनं की गेमच्या, हेच कळेना. ज्या प्रश्नावर मूळ गेम उभा होता तोच निसटला. गेम पडला.

२००३च्या ‘सँड्स ऑफ टाइम’नं मूळ गेमची चित्रं, नकाशे, छाया यांतलं जवळजवळ काही उचललं नाही. मेकनर स्वतः लेखक म्हणून मॉन्ट्रियलच्या चमूसोबत होता. त्यांनी राजपुत्राच्या हातात एक खंजीर दिला. उडी चुकली की बटण दाबायचं, काळ उलटा फिरतो आणि राजपुत्र दरीतून उलटा वर येऊन पुन्हा कठड्यावर उभा राहतो. पण खंजिरातली वाळू मोजकी, ती संपली की संपली. चौदा वर्षांपूर्वीच्या प्रश्नाला हे नवं उत्तर होतं. १९८९मध्ये चुकीची किंमत मिनिटांत मोजायची, आता ती वाळूत मोजायची. कथाही त्याच धाग्यानं विणलेली होती. संपूर्ण गेम म्हणजे राजपुत्र सांगत असलेली हकिगत आहे, त्यामुळे तो मेला की निवेदनातून तोच सांगतो की असं काही घडलंच नव्हतं, आणि गोष्ट पुन्हा मागे जाऊन सुरू होते.

२००८च्या रीबूटमध्ये उत्तर आणखी बदललं. सोबत असलेली एलिका दर वेळी हात देऊन राजपुत्राला वर ओढते, मरण नाहीच. अनेकांना गेम फार सोपा वाटला, वाद झाले, पण प्रश्न जागेवर होता.

याच घराण्यातली सगळ्यात मोठी फांदी मात्र राजपुत्राचं नाव टाकून वाढली. ‘सँड्स ऑफ टाइम’नंतर मॉन्ट्रियलच्या चमूनं पुढच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चं काम काढलं होतं. त्यात राजपुत्राऐवजी त्याच्या रक्षणासाठी नेमलेला मारेकरी पुढे आला, आणि गेम मूळ मालिकेत बसेनासा झाला. २००७मध्ये तो ‘असॅसिन्स क्रीड’ म्हणून स्वतंत्रपणे बाहेर पडला. पुढे त्या मालिकेच्या २० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. भिंती चढायचं, छपरांवरून धावायचं कसब राजपुत्राकडून आलं होतं, नाव तेवढं आलं नाही.

इतर मालिकांतही हेच दिसतं. ‘रेसिडेंट ईव्हिल टू’ १९९८चा. प्लेस्टेशनला तपशीलवार खोल्या त्रिमितीत रेखाटणं झेपत नव्हतं, म्हणून खोल्यांची तयार चित्रं मागे लावलेली असायची आणि कॅमेरा एका जागी खिळलेला. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, नुसती फरफटणारी पावलं ऐकू येतात, भीती तिथून यायची. २०१९च्या रिमेकमध्ये कॅपकॉम कंपनीनं कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला. म्हणजे जुन्या भीतीचं साधनच गेलं. मग त्यांनी पोलीस स्टेशन काळोखात बुडवलं, हातात टॉर्चचा एक छोटासा झोत दिला, आणि इमारतीत कुठूनही ऐकू येणारी एका धिप्पाड पाठलाग्याची जड पावलं पेरली. साधन बदललं, पण न दिसणाऱ्याची धास्ती तीच राहिली. मूळ गेम सुमारे ५० लाख खपला होता, रिमेक १ कोटीच्या पुढे गेला.

‘झेल्डा’चं तर आणखी बोलकं आहे. १९८६च्या पहिल्या गेममध्ये कुठे जायचं हे कुणी सांगत नसे. मेणबत्तीनं एखादं झुडूप जाळून पाहावं, तर खाली जिना निघावा, अशी त्याची रीत होती. पुढच्या काळात मालिका हळूहळू बोट धरून चालवायला लागली. २०१७च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’साठी निन्टेंडोच्या चमूनं आधी पहिल्या ‘झेल्डा’सारखा दिसणारा एक साधा द्विमितीय नमुना बनवला आणि आग, वारा, लाकूड एकमेकांवर कसे परिणाम करतील ते त्यात तपासलं. तयार गेममध्ये गवत पेटवलं की गरम हवेचा झोत उठतो आणि कापडी छत्री उघडून त्यावर वर तरंगता येतं. एकतीस वर्षांपूर्वीची मेणबत्तीच ही, फक्त आता ती कुठेही पेटवता येते.

मग चूक कुणाची?

इथवर वाचून वाटेल की कंपन्यांनी प्रश्न ओळखला की काम फत्ते. तसं नाही. जानेवारी २०२४मध्ये युबिसॉफ्टच्या फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओनं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन’ आणला. नायक राजपुत्र नाही, सारगॉन नावाचा तरुण योद्धा. काफ पर्वतावरचं शहर, इराणी पुराणकथांतला सीमुर्ग पक्षी, फारसी संवादांचा पर्याय, आणि उड्यांचं असं काही शास्त्र की बोटं दुखून येतील. कुठे अडलात तर त्या जागेचं चित्र टिपून नकाशावर डकवता येतं, म्हणजे नंतर नवी शक्ती मिळाल्यावर तिथे परतता येतं. बाकीच्या गेमनी उचलावी अशी ही सोय. समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला. विक्री मात्र कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी तो चमू वेगवेगळ्या कामांवर पांगवला गेला. ‘हा आमचा राजपुत्र नाही’ अशी कुरकुर तर पहिल्या ट्रेलरपासूनच होती.

म्हणजे एकाच मालिकेत, काही वर्षांच्या अंतरानं, जुनं परत आणू पाहणारा गेम बाहेरच आला नाही आणि नवं करणारा गेम पुरेसा खपला नाही. पहिल्यात अडसर चाहत्यांच्या आठवणीचा होता, दुसऱ्यातही बऱ्याच अंशी तोच. कंपन्या आठवणींवर विसंबतात तसेच आपणही विसंबतो.

यातून बाहेर पडायची एक वाट अशी की, जुने गेम जुन्याच रूपात मिळत राहावेत. आज तसं होत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आता बाजारात कुठल्याही रूपात विकत मिळत नाहीत. जो धंदा आठवणी विकून चालतो, तोच आठवणींचे मूळ ऐवज हरवू देतो. मूळच मिळत नसलं की रिमेकवर दोन कामांचं ओझं पडतं. जुन्याची जागाही घ्यायची आणि नवंही वाटायचं. ‘सँड्स ऑफ टाइम’चा २००३चा गेम तरी आजही पीसीवर विकत मिळतो, पुष्कळांना तेवढंही भाग्य नाही.

मेकनर याबाबतीत सुदैवी ठरला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ प्रोग्राम हरवल्यासारखाच होता. २०१२मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांच्या मदतीनं त्या वाचून काढल्या गेल्या आणि मेकनरनं तो प्रोग्राम इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवला. छायेची ती बिट सरकवण्याची युक्ती आज कुणालाही उघडून बघता येते. २०२३मध्ये ‘द मेकिंग ऑफ कराटेका’ नावाचं एक वेगळंच प्रकरण आलं. कच्चे नमुने, चित्रं, पत्रं कालक्रमानं मांडलेली आणि मधेमधे मूळ गेम खेळायची सोय. आठवण विकायचीच असेल तर ती अशी नावानिशी, तारखेनिशी विकावी. त्यात जुन्याला नव्याचं सोंग घ्यावं लागत नाही आणि नव्याला जुन्याचं.

तेव्हा जुन्या मालिका आठवणींवर जास्त विसंबतात का? नावं, चेहरे, धून यांच्या बाबतीत होय, नको तितक्या. पण गेमनं खेळणाऱ्याच्या हातांना घातलेलं मूळ कोडं कोणतं, याबाबतीत बहुतेक मालिका उलट फार विसरभोळ्या आहेत. ज्यांना ते आठवतं त्यांचे रिमेकही ताजे वाटतात, ज्यांना आठवत नाही त्यांचं नवंही शिळं लागतं. आणि कंपन्या नवीन काही करत नाहीत अशी तक्रार करण्याआधी, आपण स्वतः अनोळखी नावाचा गेम शेवटचा कधी विकत घेतला, तेही जरा आठवून पाहावं.